बिनपाठीची जागा

क्लायपेडा, फेब्रुवारी. गोदीकडून वारा.
दुकान आवरायला घेतलं आणि ब्रोन्यूस आला,
जहाजांवरचा जुना वेल्डर,
डावा कान हातोड्यांनी कधीच नेलेला.
म्हणाला, खुर्ची हवी. संगीत ऐकायला.

मी मखमली पुढे केली, उंच पाठीची, पंखवाली.
तो बसला, डोळे मिटले,
उजव्या कानाशी चुटकी वाजवली.
"ही घोड्याची झापडं. नको."

चामड्याची हलताच कुरकुरली.
"चेलो हळू झाला की हिला कंठ फुटणार."
झुलती:
"मीच पुढेमागे, मग सुरानं उभं कुठे राहायचं?"
स्प्रिंगची गुबगुबीत:
"झोपायला पलंग आहे घरी."

सव्वा तास चुटक्या.
बाहेर बर्फ तिरका.
मग मलाच बसवलं, माझ्या कानाशी वाजवली.
खरंच, मखमलीत चुटकी बुडते.
वीस वर्षं विकते आहे खुर्च्या,
वाळवी कळते, पायांची डुगडुग कळते,
हे कधी कळलं नव्हतं.

शेवटी कोपऱ्यातली,
जिच्यावर मी रंगाचे डबे ठेवायची.
मोडीत निघालेल्या फेरीबोटीच्या भोजनगृहातली,
हात नाहीत, पाठ खांद्याच्या खालीच संपते.
चुटकी. पुन्हा चुटकी.
"किती?"
बारा युरो म्हणताना मला लाज वाटली.

चौथा मजला, लिफ्ट नाही.
गुडघे त्याचे, खुर्ची माझ्या डोक्यावर.

घरात दोन स्पीकर, फरशीवर खडूच्या फुल्या,
काही पुसलेल्या, काही पुसून पुन्हा काढलेल्या.
तबकडी लावली. बसला, उठला, वीतभर मागे,
उजवा कान पुढे काढून तिरका,
मग भिंतीला टेकून. तिथे खर्ज
तुंबलेल्या पाण्यासारखा साचतो म्हणाला.

दानुते स्वयंपाकघराच्या दारात बटाटे सोलत होती.
वर न बघता म्हणाली,
"इकडे आण ती. एकतीस वर्षं मी इथूनच ऐकते."

त्यानं आणली. बसला.
चुटकी वाजवली नाही.
बाजू संपायला आली तरी हलला नाही.
"आता माझी वाट अडव," ती म्हणाली,
आणि बटाट्यांचं पातेलं त्याच्या मांडीवर ठेवलं.

दुसऱ्या मजल्यावर आठवलं, पैसे राहिले.
थांबले.
वरून चेलो उतरत होता,
घाई नसलेल्या माणसासारखा.
मी पायरीवर बसले.
दगड गार,
पाठीला काहीच नाही.