एकास सोळा

मन्मथचा खोका दोन वर्षं माझ्या दिवाणाखाली होता.
‘मामी, सुट्टीवर आलो की करतो,’ म्हणाला
आणि गेला खऱ्या बोटीवर, लोखंडाच्या,
कुठल्याशा बंदरातून कुठल्याशा बंदराकडे.
रिटायर झाल्यावर तिसऱ्या महिन्यात
झाडू मारताना मी खोका बाहेर ओढला
आणि परत आत ढकलला नाही.

आत लाइफबोट. एकास सोळा.
निळं पोट, नारिंगी केबिन, चिमटीतून निसटणारे पितळी खांब,
आणि जर्मन भाषेतली पुस्तिका.
चित्रं मात्र कळत होती:
थेंब काढलाय तिथं डिंक, हात काढलाय तिथं धीर.
हत्यारं माझ्याकडं होतीच.
अकरा नंबरचं ब्लेड. आर्टरी फोर्सेप.
इन्सुलिनची सिरिंज, तिच्यातून डिंक असा उतरतो
की सांध्याला पत्ता लागत नाही.
कंधारच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं
याच हातांनी टाके घातले.
आता कठड्याला कठडा जोडते
आणि सवयीनं म्हणते, झालं, झालं, हलू नको.

पुस्तिकेतला माणूस बोट बाथटबात सोडतो.
माझ्याकडं बादली.
केटरर वीरभद्रअप्पाकडून बुंदीची मोठी कढई आणली.
‘कशाला, सिस्टर?’
‘बोट सोडायचीय.’
त्यानं भाडं घेतलं नाही, नुसतं बघत राहिला.

ही उलटली तर आपली आपण सुलटते, असं चित्रात आहे.
मी तिला पालथी घातली आणि हात काढला.
एक. दोन. तीन.
हे मोजणं मला पाठ आहे.
खोलीतल्या सगळ्या बाया गप्प होतात,
पंख्याची खरखर ऐकू येते
आणि तळहातावरचं निळं अजून रडत नाही.
चार. पाच.
नाही उठली.

तळाला वजन कमी. शिसं खोक्यात नव्हतं.
पिराजी भोयानं जुन्या जाळ्याच्या गोळ्या दिल्या, मूठभर.
तोलून तोलून बसवल्या,
चाळीस ग्रॅम, पुन्हा चाळीस, पुन्हा.
चौथ्या दिवशी दिवेलागणीला ती पालथी झाली
आणि अंग झटकून वर आली,
केबिनवरून पाणी निथळत.
मी मोठ्यानं म्हटलं, ‘वेळ लिहा.’
घरात कोणी नव्हतं.

इथं थांबले असते तर चाललं असतं.
पण जगतुंग सागर पाच मिनिटांवर.
तळंच ते, पण नाव सागर.
कठड्यावर पोरं, माझ्या हातात रिमोट.
बोट निघाली आणि मग लक्षात आलं,
सगळं सोळा पट लहान केलंय,
पाणी कुणी केलेलं नाही.
बदक बाजूनं गेलं तरी हिला वादळ.
तरी गेली, नाक वर काढत, बरीच लांब,
आणि थांबली.
पंख्यात शेवाळ. मी खटका ओढतेय, ढकलतेय.
पोरं म्हणाली, बुडाली. बुडाली नव्हती.
शेवटी पिराजी थर्माकोलवर मांडी घालून,
जेवणाच्या ताटलीनं पाणी मागं सारत गेला
आणि लाइफबोटीला वाचवून घेऊन आला.

हातात देताना त्यानं मागच्या डेकवर पाहिलं.
पिवळ्या रेनकोटातली सहा माणसं, मीच रंगवलेली,
एकाला मिशी जास्तीची.
‘सिस्टर, ही किती मानसं वाचवती?’
‘सहा बसतात.’
‘साहा तर बसूनच हायती की.
मंग बुडनाऱ्यानं बसावं कुठं?’

रात्री मन्मथचा फोन, मधेच तुटणारा, मागं इंजिनाची घरघर.
‘मामी, खोका आहे ना नीट?’
‘आहे,’ म्हटलं. ‘कोरडा आहे.’

मग दिवा जवळ ओढला.
ब्लेडचं टोक बुटांखाली सरकवून
दोघांना अलगद उचललं.
मिशीवाला राहू दिला.
तिथं आता वाळलेल्या डिंकाचे चार थेंब आहेत,
पाऊल ठेवण्याएवढे.