चारपर्यंत

साडेपाचला उठते. दिवा लावत नाही,
फ्रिजचं दार बोटभर उघडं ठेवते, तेवढा उजेड पुरतो.
(दूध नासतं, असं लेकीचं म्हणणं. नासतं खरं.)

हीटरच्या कडेला, घडी घातलेल्या रजईवर बसते.
खुरुलमधले तरुण भिक्षू म्हणाले होते,
श्वास मोजा. दहापर्यंत. मग पुन्हा एकपासून.
त्यांना सोपं आहे. त्यांचे गुडघे बावीस वर्षांचे.

एक. बाहेर वारा. सगळी स्तेप ओलांडून येतो,
एलिस्तापर्यंत त्याला अडवायला झाड नाही.
दोन. चहात घालायला लोणी उरलंय की नाही.
तीन. वरच्या मजल्यावर कुणीतरी शिंकलं.
चार.
चारनंतर मी कुठे जाते, कोण जाणे.
परत येते तेव्हा डावा पाय मेलेला असतो
आणि लेक दारात: आई, झोपलीस का?

दिवसभर वीज कंपनीची खिडकी क्रमांक तीन.
काचेला वाटीएवढं भोक,
त्यातून माणसं माझ्यावर रागावतात.
पगारात ते धरलेलंच आहे.

एर्द्नी उबुशियेव दर महिन्याच्या सहा तारखेला येतात.
हद्दपारीच्या वर्षांत सायबेरियात जन्मलेले,
टोपी काढत नाहीत, बिल झेंड्यासारखं धरतात:
मी एकटा! बल्ब दोन! तुम्ही मला कारखाना समजता?
अकरा महिने त्यांचं संपायच्या आत माझं सुरू व्हायचं,
आजोबा, मीटर खोटं बोलत नाही.
वाक्य जिभेवर तयारच, खिशातल्या नाण्यासारखं गुळगुळीत.

भिक्षूंनी दुसरं एक काम दिलं होतं:
बोलण्याआधी एक श्वास. एकच.
मला वाटलं, हे जमेल, इथे दहाची भानगड नाही.

सहा तारीख. आजोबा ओरडले. मी श्वास घेतला.
त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही,
ते आणखी जोरात ओरडले.
शेजारच्या खिडकीतली बाइर्ता पेन शोधायला म्हणून
टेबलाखाली वाकली, बराच वेळ वर आली नाही.

शांती बिंती काही आली नाही, आधीच सांगते.
कान तापले. पण तोंडाला काम नव्हतं
म्हणून डोळे रिकामे झाले
आणि बिलावर जाऊन पडले.

मीटर क्रमांक. शेवटी सात हवा, एक होता.
एक म्हणजे त्यांच्या गल्लीतलं गाड्या धुण्याचं दुकान.
खाली बारीक अक्षरात, नोंद करणारा कर्मचारी: सतरा.
सतरा मी.

सिस्टीमची चूक, हेही वाक्य तयार होतं.
सिस्टीम कुणाची पोर नाही, तिला वाईट वाटत नाही.
पाचही शिलं मी रोज सकाळी म्हणते,
चौथं म्हणताना कधी अडखळले नव्हते.
आज ते घशात माशाच्या काट्यासारखं आडवं.

चूक माझी आहे, आजोबा.
भोकातून फार लहान वाक्य निघालं.
त्यांना ऐकू गेलं नाही.
पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्यानं,
म्हणजे सगळ्या रांगेला.

अकरा महिने! एवढंच म्हणाले.
टोपी आणखी खाली ओढली आणि गेले.
बाइर्ता म्हणाली, सग्लारा, तुला वेड लागलंय.
साहेबांनी खुलासा लिहून घेतला,
तिमाहीचा बोनस कापला. लेकीचे बूट त्यात होते.
मी खुरुलमध्ये जाऊन भिक्षूंना हे सांगितलं,
मला वाटलं काहीतरी म्हणतील.
ते म्हणाले, गुडघ्याखाली उशी घेऊन बघा.

पुढच्या सहा तारखेला उबुशियेव आले.
बिल बरोबर होतं.
कागद फार पातळ झालाय, म्हणाले, आणि ओरडू लागले.
मी श्वास घेतला. कागद खरंच पातळ होता.

आज उशी घेतली आहे.
पहिली वाटी चहा देव्हाऱ्यापुढे, तिची वाफ वर जातेय.
एक. दोन.
दारात लेक, जुन्या बुटाची चेन अडकलीय,
ती रशियनमध्ये शिवी देते, मग मला बघून गप्प होते.
तीन. ती चेन मला बसवता येईल, मेण लावून.
चार.

एक.