रात्रपाळीनंतरची फेरी

साडेसातला चार्ज देते.
सही, चाव्या, औषधांचा ट्रे,
अकरा नंबरच्या आजोबांची बाटली किती उरलीय ते.
सात नंबरची गादी उन्हात टाकायला सांगते.
नावाची पाटी काढून पर्समध्ये,
आणि जुईनगरची बस समोर उभी असताना
डावीकडे वळते, तलावाकडे.

घरी माहीत आहे, मला सुटायला सव्वाआठ होतात.

एक फेरी चार हजार पावलांची,
असं इथल्या सगळ्यांची घड्याळं सांगतात.
मी मोजत नाही.
रात्रभर थेंब मोजलेले असतात.

नेरूळच्या इमारती पाण्यात उलट्या लटकल्यात,
कुणाच्या तरी विसाव्या मजल्यावरची चादर
थेट माझ्या बुटांपाशी वाळतेय.
थंडी अशी की दुपट्टा कानांवर घ्यावा
आणि पुन्हा काढावा, ऐकू यावं म्हणून.

रविवारी गाड्या भरून लोक येतात
रोहित पाहायला, लांब लांब नळ्यांचे कॅमेरे घेऊन.
आज मंगळवार. आज शेकाटे आहेत.
उथळ पाण्यात उभे, बारीक लाल पायांवर,
सलाईनच्या स्टँडसारखे सरळ,
आणि कुणालाही काहीही लावलेलं नाही.
मी उगाच उभी राहते त्यांच्यापाशी.
कुणी हाक मारत नाही.

पुलाच्या वळणावर वैशंपायन काका भेटतात.
ते उलटे चालतात, गुडघ्यांसाठी.
माझ्यापुढे दहा पावलं, तोंड माझ्याकडे,
त्यामुळे मी मागे टाकलेलं सगळं त्यांना दिसतं.
‘मागे बघा, सिस्टर, मागे,’ ते म्हणतात,
‘तारेवर.’
बघते तर खंड्या.
मी त्याच्या खालून गेले होते!
एवढा निळा, आणि मी खालून गेले होते.

खाडीच्या बाजूला वारा बदलतो,
चिखलाचा, तिवरांचा, थोडा कुजका वास.
सुरुवातीला नाक दाबायची.
आमच्याकडे वर्धेचं पाणी एकाच दिशेला जातं,
गेलं की गेलं.
इथं ते येतं, जातं, पुन्हा येतं,
आणि चांगुणाबाई तांडेल तिथीवरून सांगते किती येणार.
‘आज भांग हाय गो बाय,
पानी काय जास्त चरनार नाय.’

तिनंच समजावलं होतं मला या तलावाचं.
खाडी भरली की झडपा आपोआप मिटतात,
पावसाळ्यात अख्ख्या गावाचं पाणी इथं येऊन थांबतं,
समुद्र उतरेपर्यंत.
उतरला की सोडायचं, हळूहळू.
तोवर धरून ठेवायचं,
काठाबाहेर जाऊ न देता.
ऐकून मी म्हटलं होतं,
‘हे काम येतं मला.’
ती हसली नाही. पाटीवरचं ओलं फडकं सारखं केलं
आणि सरकून बाकावर जागा दिली.

तिथंच बसते अजून, पाच-सात मिनिटं.
पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सात नंबर गेल्या.
मुलगी बाहेर बाकड्यावर झोपली होती,
तिला उठवायचं होतं.
सगळं नीट केलं. फॉर्मसुद्धा.
पाण्यावर एक पाणकावळा बुडी मारतो,
मी श्वास धरून बघत बसते कुठून निघतो ते.
दरवेळी माझा अंदाज चुकतो.
दरवेळी तो निघतो.

झडपांकडून आवाज येतोय आता, बारीक,
सुकती लागलीय.

‘निवटे देऊ?’ चांगुणाबाई विचारते.
पहिल्यांदा पाहिले तेव्हा ओरडले होते मी,
मासे काय, चालतात!
आता पाव किलो घेते, चिंच घालून करते,
तिनं सांगितलं तसे.
बसमध्ये खिडकीची जागा मिळते.
मांडीवरच्या पिशवीत मधूनच एखादा उडी मारतो,
शेजारची बाई दचकून सरकते,
मी खिडकीबाहेर बघते, गंभीर चेहऱ्यानं.

दार उघडताना नवरा म्हणतो, ‘आज फारच उशीर?’
‘सोडतच नव्हते,’ मी म्हणते.
आणि पिशवी हलते.