दीडशे अक्षरं

दर गुरुवारी कौन्सिलकडून बेथनी येते,
छोट्या धंद्यांना फुकट सल्ला द्यायला.
माझ्या स्टुलावर बसते,
लॅपटॉप गोंदाच्या डब्याला टेकवते
आणि विचारते, मार्टी, शेवटची पोस्ट कधी टाकलीस?
(मारुतीचं इथे मार्टी झालं, त्यालाही वीस वर्षं झाली.)
शेवटची पोस्ट : नाताळात तीन दिवस दुकान बंद.
आता जून चाललाय.

हॅलिफॅक्सच्या जुन्या बाजारात
एका अंगाला चीजवाला, दुसऱ्या अंगाला पडद्यांचं कापड,
मधे मी. टाचा, तळ, चेन, किल्ल्या.
पडदेवाल्या मिसेस सटक्लिफचे चार हजार फॉलोअर.
माझे एकसष्ट.
त्यातले सतरा आमच्याच भावकीतले
आणि एक कुठलीशी टायर कंपनी.

बेथनी सांगते, मी पावतीच्या पाठीवर लिहून घेतो :
सकाळी आठच्या आत, नाहीतर सातनंतर.
पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी हललं पाहिजे.
दुकान दाखवू नकोस, हात दाखव.
ते जमलं. एका नर्सच्या बुटाचा नवा तळ
आठवड्यात दोनशे लोकांनी पाहिला,
तिघं आली, एक तर थेट ब्रॅडफर्डहून,
झिजलेल्या टाचा पिशवीत घालून.

मग ती म्हणाली, आता बायो.
दीडशे अक्षरं. तू कोण, कुठला, हेच काम का.
लोक बूट बघत नाहीत रे, गोष्ट बघतात.
खरी हवी. खरं विकलं जातं, मार्टी.

चौकट उघडी. आत कर्सर, डोळे मिचकावत.

माझ्या आजोबांचा बायो तीन अक्षरांचा होता.
तो त्यांनी लिहिलेला नव्हता, गावाने लिहिलेला,
आणि न शिकलेल्यालाही वाचता यायचा.
वडिलांनी, दादांनी, तो पुसण्यात जन्म घातला :
मॅट्रिक, झेडपीत कारकून,
कराडला भाड्याची खोली, जिथे कुणी ओळखत नाही.
घरात रापी दिसता कामा नये, एवढाच नेम.
पोरगा इंग्लंडात काय करतो विचारलं
की शेजाऱ्यांना सांगतात, लेदरच्या लायनीत आहे, मॅनेजर.
खोटं कसं म्हणू?
मी आणि माझा मॅनेजर एकाच स्टुलावर बसतो.

बेथनीला यातलं किती सांगावं?
तिचे आजोबा गालिच्याच्या गिरणीत होते.
हे ती सांगते, चहात साखर किती विचारावं तसं,
कपाळावर आठी न आणता.
मी म्हटलं, घरचाच धंदा, तिसरी पिढी.
मधली पिढी गिळली.

त्या रात्री ट्रंकेतून रापी काढली.
निघताना आईने दिलेली, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून,
दादांची पाठ वळल्यावर.
सकाळी साडेसातला सोळा सेकंद :
चामड्याची कड उतरतेय,
पापुद्रा गुंडाळत गुंडाळत खाली पडतोय.
गाणं नाही टाकलं. आवाज आहे तो ठेवला.
फेसबुकवरही गेलं, आपोआप,
दोन्ही खाती बेथनीनेच जोडून दिलेली.

दुपारी, पाहणाऱ्यांची यादी.
अठ्ठ्याण्णव जण. बोटाने खाली सरकवत गेलो,
आणि तिथे, टायर कंपनीच्या खाली,
दादा.
ना अंगठा, ना अक्षर.

रविवारचा फोन. गुडघा, सिलिंडर, पाणी एक दिवसाआड.
मी किल्लीचं भोक बोटाने चाचपत उभा.
ठेवू का, म्हणाले. ठेवला नाही.
खाकरले.
रापी चुकीची धरतोस.
अंगठा पात्याच्या मागे पाहिजे, वर नाही.
आणि मनगट सैल सोड, कागदावर सही करतोस तसं आवळू नको.

तुम्हाला कसं माहीत, हे मी विचारलं नाही.

गुरुवारी बेथनीने आकडे काढले. रेघ वर गेलेली.
बायो अजून कोरा का, म्हणाली.
म्हटलं थांब,
आधी तो व्हिडिओ पुन्हा करायचाय.