एक्केचाळीस रात्री

दिवसा सातबारा, उत्पन्नाचे दाखले.
रात्री शटर ओढलं की
कॉम्प्युटर एकाच आकड्याला लागतो.
कागदावर मांडत गेलो तर
सिंदेवाहीहून मूलपर्यंत पुरून उरेल असा.

लाइन गेली की थांबतो,
आली की सोडलं तिथूनच पुढं.
डब्याच्या उबेला मांजर, पाठ टेकून.

"सापडला तं काय भेटते गा?"
शालिकभाऊ मीटरकडे पाहत विचारतो.
नाव लागतं म्हणे कुठंतरी.

आज पहाटे उत्तर आलं: मूळ नाही.
कशानं भाग जातो, तेही सांगत नाही.
एवढंच, की हा आकडा आता
जगात कोणाला तपासायला नको.

बाहेर कोणी आठ-अ साठी आलं होतं.
थांबा म्हटलं,
दुसरा लावला.
मांजर हललंही नाही.