घडीवरचा देश

कोषागारातल्या यंत्रानं माझा अंगठा तीनदा नाकारला.
चौथ्यांदा बाबू म्हणाला, बाई, रेषाच उरल्या न्हाईत,
खडूनं खाल्ल्या तुमच्या.
हयातीचा दाखला उद्यावर गेला
आणि मी जालना रोडवर, भर दुपारी,
टायरच्या दुकानावरच्या मजल्याकडं बघत उभी राहिले.
पाटीवर ठळक अक्षरात : पेरू.
खाली बारीक : फळ नव्हे, देश.

हे वाक्य माझं होतं.
एकोणतीस वर्षं, उमापूरच्या शाळेत, सातवी ब,
दक्षिण अमेरिका आली की आधी मी हेच म्हणायचे,
आणि तरी मागच्या बाकावरून कुणीतरी
दप्तरातला अर्धा खाल्लेला पेरू वर करायचंच.
मग टिटिकाका.
टिटिकाका म्हटलं की वर्ग पाच मिनिटं हातातून जायचा.

वर गारवा. रिकामी टेबलं.
कोपऱ्यात दोन पोरं जेवणाचे फोटो काढत होती,
जेवण निवत होतं.
इलियासनं मला चपलेच्या आवाजावरून ओळखलं.
'बाई, तुमी? हिकडं कामून?'

सतरा वर्षं जहाजावर होता,
भांडी घासता घासता आचारी झाला,
कायाव नावाच्या बंदरात तापानं मागं राहिला
आणि एका म्हातारीच्या खानावळीत आठ महिने बटाटे सोलले.
'जांभळे बाई, काळे, बोटाएवढे, गाठीगाठीचे!
आपल्याकडं बटाटा म्हणजे बटाटा.'

आधी कौसा आला :
पिवळ्या बटाट्याची थरांची वडी, लिंबू लावलेली, थंड.
कुणी गरम करून आणेल म्हणून मी जरा थांबले.
मग सेविचे.
मासा विशाखापट्टणमचा, बर्फातून आलेला.
जायकवाडीचा ह्याला चालत न्हाई, तो म्हणाला.
कच्चाच की हा, मी म्हटलं.
'कच्चा न्हाई. लिंबानं शिजलाय. कडा बघा, पांढऱ्या झाल्यात.'
चूल, स्टोव्ह, गॅस, तिन्हींपुढं वय गेलं माझं.
हे नव्हतं पाहिलं.

ताटलीत साचलेलं पांढुरकं पाणी त्यानं वाटीत ओतलं.
'ह्याला तिकडं वाघिणीचं दूध म्हणतात.'
मी हसले, ठसका लागेस्तोवर हसले.
आमच्या गुरुजींनी वाघिणीचं दूध म्हणून
जे इंग्रजी आम्हाला पाजलं,
ते असं झोंबलं नव्हतं,
नुसतं पोटात बसून राहिलं, चाळीस वर्षं.

मला त्याला एक सांगायचं होतं.
शाळेच्या कापडी नकाशाची घडी
नेमकी पेरूवरून जायची.
दरवर्षी उघडायचा, मिटायचा, उघडायचा,
शेवटी लिमाच्या जागी बोटभर भोक पडलं.
मी छडीचं टोक त्या भोकात घालून म्हणायचे,
हे बघा, राजधानी.
भोकातून मागचा चुना दिसायचा.
भिंत शिकवली रे मी तुम्हाला, इलियास.

तो तोवर परतलेला कांदा-टोमॅटो घेऊन आला होता,
वर तळलेले बटाटे, आणि बाजूला भातही.
'नकाशा आठवत न्हाई बाई. छडी आठवती.
आन् ते जप्त केलेले पेरू,
त्याचं काय करायच्या तुमी?'
खायचे, मी म्हटलं. मीठ लावून. शिक्षकांच्या खोलीत.

बिल त्यानं घेतलं. निम्मं.
मला ते बरं वाटलं.

गेवराईच्या बसमध्ये बहिणीचा फोन :
झालं का काम? काय जेवलीस?
उद्या परत जायचंय, म्हटलं. बटाटा जेवले.
अंगठ्याच्या भेगेत लिंबू अजून चुरचुरत होतं.
पाचोड येईपर्यंत मी तो तोंडात धरून बसले,
शेजारची पोरगी टक लावून बघत होती, तरी.