काना

मखमलाबादच्या रोहिदास पिंगळ्यांनी दाखला टेबलावर ठेवला
आणि बोटाने दाबून धरला, पंख्याने उडेल म्हणून.
"मॅडम, पोरगी आहे हो माझी. ज्ञानप्रिया.
शाळेत म्हणतात, मुलगा."

दाखल्यावर ज्ञानप्रिय.
एका कान्याचा फरक.

तक्ता उघडला. नावाचा रकाना तीस बाइटचा.
ज्याने आखला त्याने इंग्रजीत मोजलं असणार,
अक्षराला एक.
आपल्याकडे ज ला तीन,
त्याचा पाय मोडायचा तर त्या खुणेला तीन,
ञ चे तीन. नुसतं ज्ञ म्हणेपर्यंत नऊ गेले.
ज्ञानप्रिय म्हणजे तीस, काठोकाठ.
काना दाराबाहेर.

यंत्राने बोंब मारायला हवी होती.
पण आधीचा ठेकेदार त्याला सांगून गेलेला:
तक्रार करू नकोस, बसेल तेवढं घे.
नऊ वर्षं ते बसेल तेवढं घेत होतं.

गंगेला पूर आला की आपण विचारतो,
दुतोंड्याच्या कुठवर? गुडघा? छाती?
पाणी आधी येतं, माप मागून.
इथे माप आधीच ठोकलेलं,
वरचं सगळं छाटलेलं.

रकाना वाढवायला तीन मिनिटं लागली.
मग, उगाच, मागच्या नोंदी चाळल्या.

काही ओळींत इंग्रजी ए, डोक्यावर तिरपी रेघ,
पुन्हा तोच, पुन्हा तोच.
हे दिसलं की मला हायसं वाटतं.
लिहिलेलं शाबूत आहे, वाचणारा चुकलाय.
चष्मा बदलला,
आतून सखुबाई निघाली, इस्माईल कोकणी निघाला.

पण दोनशे बारा ओळींत
???? ?????
इथे कसलाच चष्मा चालत नाही.
अक्षर गेलं, त्याच्या जागेवर ही आकडी उभी.

तळघरात पंचवटी विभागाचं रजिस्टर सापडलं.
निळी शाई, कसर लागलेली कड, लिहिणार वा. ग. गायधनी.
नाव लांबलं तर त्यांनी समासात नेलंय,
समास संपला तर पान आडवं धरून
कडेकडेने वर.

पिंगळ्यांनी नवा दाखला घेतला.
शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं. "आहे," म्हणाले,
आणि घडी न घालता घेऊन गेले.

मी दोनशे बारापैकी पहिलं नाव लावतेय.
आद्याक्षर घ आहे की ध, कळत नाही.
गायधनींचा नंबर पेन्शनच्या खिडकीतून मिळवला.
रिंग जातेय.